काका रिटायर व्हायच्या आधी त्यांच्या डोक्यातलं काढून कसं घ्यायचं

केटी म्हटलं की माझ्यासारख्याला आधी सेकंड इयरचं एम-थ्री आठवतं, राहिलेला विषय. पण तिकडे हिंजवडीच्या आयटीत केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, नोकरी सोडणाऱ्याने मागे राहणाऱ्याला काम समजावून सांगणं, त्यासाठी कॅलेंडरवर मीटिंगा लागतात, एक्सेल भरतात, आणि तरी शेवटी नवीन माणूस जुन्याला रात्री अकराला फोन करतोच. आमच्या भोसरीत याला नावच नाही कारण ते कोणी करतच नाही, माणूस ५८ चा झाला की शाल, श्रीफळ, ग्रुप फोटो आणि संपलं.

मी भोसरी एमआयडीसीत एका छोट्या मशीन शॉपमध्ये प्रॉडक्शन बघतो, चाळीसेक माणसं, व्हीएमसी आणि सीएनसी, म्हणजे प्रोग्रॅमवर धातू कापणारी, मिळून अकरा मशीनं. गेली काही वर्षं मार खात खात जे शिकलोय ते लिहितोय, कंपनीचं नाव मागू नका. तुमचं मशीन शॉप नसेल, अकाउंट्स असेल किंवा सोसायटीचं ऑफिस असेल तरी यातलं बरंचसं चालेल.

आमच्याकडे एक काका होते, व्हीएमसीचे सेटर, म्हणजे मशीन लावून पहिला जॉब (पार्ट) बरोबर काढून देणारे, २६ वर्षं त्याच शेडमध्ये. ६२०७ चं बेअरिंग बसतं असं अ‍ॅल्युमिनियमचं हाऊसिंग आम्ही करायचो, ७२ एच७ चा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक ७२.००० ते ७२.०३० मिली, खेळायला एकूण ३० मायक्रॉन, मिलीचे हजारावे भाग. काकांची पद्धत अशी की फर्स्ट पीस काढायचा, ग्रॅनाईटच्या सरफेस प्लेटवर ठेवायचा आणि चहाला जायचं. येऊन मग बोअर गेज लावून भोक मोजायचं. मालक चिडायचे, मशीन उभं आणि माणूस चहाला, आणि खरं सांगतो मलाही वाटायचं काका आता थकले.

काका गेले, नवा सेटर आला, डिप्लोमावाला, हात एकदम फास्ट. जॉब मशीनमधून काढला की लगेच गेज, ओके, चालू. पहिले तीन आठवडे आम्ही खूश, आउटपुट वाढलं. मग कस्टमरकडून फोन, लाइनवर बेअरिंग बसत नाहीये, बोअर लहान आहे, अख्खा लॉट परत. आमच्या रेकॉर्डमध्ये सगळे जॉब ओके. दोन दिवस आम्ही इन्सर्ट बदल, गेज कॅलिब्रेशनला पाठव, पोराला झाप असलं सगळं केलं आणि शेवटी काकांना फोन लावला. त्यांनी तिकडून अर्ध्या मिनिटात सांगितलं, "गरम जॉबला गेज लावला असंल पोरानं."

अ‍ॅल्युमिनियम एक मीटरला एका डिग्रीमागे साधारण २३ मायक्रॉन वाढतं. ७२ मिलीच्या बोअरला १५ डिग्रीचा फरक धरा, २५ मायक्रॉन झाले. म्हणजे ३० पैकी २५ नुसत्या गरमीत खाल्ले, गरम असताना प्लस २० दाखवणारा बोअर थंड झाल्यावर मायनस ५, म्हणजे ७२ पेक्षा लहान. मापं २० डिग्रीची धरायची हे मी कॉलेजात पाठ केलेलं, मार्कही मिळालेले. काकांनी ते पाठ केलेलं नव्हतं, त्यांना फक्त "जॉब निवला पाहिजे" एवढं माहीत होतं आणि चहा हा त्यांचा टायमर होता. मी फोनवर जरा तावातच विचारलं की काका हे आधी का नाही सांगितलं, तर म्हणाले, "त्यात सांगण्यासारखं काय आहे साहेब?"

आणि इथेच सगळी गोची आहे बघा. काका लपवत नव्हते. त्यांना ती गोष्ट माहिती आहे हेच त्यांना माहीत नव्हतं, मग "जाण्याआधी सगळं लिहून द्या" म्हणून ते काय लिहिणार होते? आम्ही त्यांना रिटायरमेंटच्या आधी एक दोनशे पानी वही दिली होती, खरंच दिली होती, त्यात त्यांनी सुंदर अक्षरात चार पानं लिहिली, मशीन साफ ठेवावे, कूलंट तपासावे, सेफ्टी शूज घालावे. त्यांचा काय दोष त्यात.

तर आता कसं करायचं ते.

पहिलं म्हणजे शेवटच्या महिन्यात सुरू करू नका. शेवटच्या महिन्यात माणूस पीएफच्या फॉर्ममध्ये आणि मुलीच्या लग्नात असतो. निदान वर्षभर आधी सुरू करा, आठवड्याला एक तास, फिक्स, आमच्याकडे गुरुवार आहे कारण भोसरीत बऱ्याच ठिकाणी गुरुवारी लाइटची सुट्टी असते आणि त्यामुळे मेंटेनन्स, साफसफाई असलीच कामं चालू असतात. आणि हे फक्त रिटायर होणाऱ्यांसाठी नाही, अप्रेंटिस पोरंसुद्धा वर्षभर काम करून जातात, तीसुद्धा काहीतरी शिकून जातात जे पुढच्या बॅचला परत पहिल्यापासून शिकावं लागतं.

दुसरं, वही देऊ नका. तुम्ही लिहा. त्यांच्या शेजारी उभे राहा आणि बघा, नुसतं बघा, आणि जिथे जिथे तुम्हाला वाटेल की हे उगाच करताहेत, वेळ घालवताहेत, सवयीने करताहेत, तिथे खूण करा. माझ्या अनुभवात माल तिथेच असतो. चहाला जाणं हे त्यातलंच. दुसरे एक काका सकाळी टर्निंगला पहिला कट घेताना डोळे मशीनवर ठेवतच नाहीत, मान तिरकी करून ऐकतात, विचारलं तर कळलं की बोअरिंग बारचा ओव्हरहँग, म्हणजे टूलची बाहेर राहिलेली लांबी, जास्त झाला की आवाज आधी बदलतो आणि फिनिश नंतर बिघडतं, ते दिसायच्या आधी ऐकतात. हे कुठल्या वहीत येणार?

प्रश्न कसे विचारता यावर अर्धं काम आहे. "यात काय काय काळजी घ्यायची?" असं विचारलंत की सेफ्टी शूज मिळतील. त्यापेक्षा असं विचारा: हे मागच्या वेळी कधी बिघडलं होतं? तेव्हा आधी काय दिसलं, काय ऐकू आलं? नवीन पोराला हे दिलं तर तो पहिल्यांदा कुठे माती खाईल? तुम्ही सुट्टीवर असता तेव्हा मनात कसली धाकधूक असते? हा शेवटचा प्रश्न भारी आहे, एका काकांनी यावर पाऊण तास सांगितलं आणि मी दोन पानं लिहिली. गोष्ट विचारा, नियम विचारू नका, नियम सगळ्यांचे सारखेच असतात पण प्रत्येकाकडे फसलेल्या लॉटची गोष्ट वेगळी असते.

आणि एक चावट युक्ती, काम करते म्हणून सांगतो. काही सीनियर लोक बोलतच नाहीत, "चाललंय की" एवढंच. त्यांच्यासमोर मुद्दाम थोडी चुकीची शीट नेऊन ठेवा. मी एकांना पातळ रिंगच्या सेटिंगची शीट दिली त्यात चक प्रेशर, म्हणजे जॉब पकडायचा दाब, १८ बार लिहिलं. त्यांनी चष्मा वर केला, माझ्याकडे बघितलं, "१८? अहो रिंग बाहेर काढली की अंड्यासारखी होईल," आणि पेन घेऊन १० केलं, वर सॉफ्ट जॉ कसे बोअर करायचे तेही काढून दाखवलं. सांग म्हटलं तर सांगणार नाहीत पण चूक दिसली की राहवणार नाही, हा आपल्याकडच्या जुन्या माणसांचा स्वभाव आहे, त्याचा फायदा घ्या. मात्र नंतर सांगून टाका की मुद्दाम केलं होतं, आणि ती चुकीची शीट त्यांच्यासमोर फाडा, नाहीतर तीच लॅमिनेट होऊन मशीनवर लागेल. आमच्याकडे लागली होती, एक दिवस. तो किस्सा परत कधीतरी.

शीट कशी असावी. एक पान, एक गोष्ट. तीन भाग: काय करायचं, कसं करायचं, का करायचं. पहिले दोन सगळेच लिहितात. "का" राहिलं की शीट मेली असं समजा. आमच्या एसओपीत, म्हणजे काम करायच्या लेखी पद्धतीत, वर्षानुवर्षं लिहिलेलं होतं की सकाळी स्पिंडल (टूल फिरवणारा भाग) २० मिनिटं वॉर्मअप करावा. कोणी करत नव्हतं, कारण वाचणाऱ्याला वाटायचं हे मशीनच्या भल्यासाठी आहे, आणि मशीन काय आपल्या बापाचं आहे. खरं कारण असं की थंड स्पिंडल गरम होताना लांबतो, टूल खाली येतं, आणि सकाळी सातला ओके दिलेली डेप्थ नऊपर्यंत ३०-४० मायक्रॉनने जास्त जाते, आणि जास्त गेलेली डेप्थ परत भरता येत नाही, सरळ स्क्रॅप. हे कारण एका ओळीत शीटवर टाकलं, शेजारी एका स्क्रॅप जॉबचा फोटो लावला, त्यानंतर पोरं स्वतःहून वॉर्मअप लावून मग हजेरीला जायला लागली.

आकडे टाका. "चांगलं टाईट करा" हे वाक्य शीटवर दिसलं की खोडा, माझं चांगलं टाईट आणि साडेसहा फुटी हेल्परचं चांगलं टाईट यात बोल्ट तुटण्याइतका फरक आहे. टॉर्क किती, बार किती, किती मिनिटं. जिथे आकडा नाही तिथे तुलना चालते, "जॉब हाताला गार लागला पाहिजे, शेजारच्या प्लेटइतका" हे आमच्या हाऊसिंगच्या शीटवर आहे.

भाषेचं सांगतो कारण यावर मी खूप भांडलोय. कन्सल्टंटने करून दिलेल्या एसओपी इंग्रजीत, त्यासुद्धा असल्या इंग्रजीत की मलाही दोनदा वाचावं लागतं, आणि ऑपरेटर कोण तर लातूरचा, परभणीचा, बिहारचा, ओडिशाचा. मशीनवरचा माणूस जे बोलतो तेच लिहा. "ऑफसेट दे", "जॉब निवू दे", "बर काढ". शुद्धलेखनाच्या नादी लागू नका, "ऑफसेट" ला मराठी शब्द शोधत बसू नका, कोणी वाचणार नाही. आमच्याकडे प्रत्येक शीट मागे-पुढे आहे, एका बाजूला मराठी, मागे हिंदी. ऑडिटरला चालतं का असं विचाराल तर हो, आम्हाला आत्तापर्यंत कोणी हरकत घेतली नाहीये. उलट आयएसओ ९००१ च्या २०१५ च्या आवृत्तीत ७.१.६ हा क्लॉजच त्यासाठी घातलाय, की कंपनीने कामाला लागणारं ज्ञान ओळखायचं, सांभाळायचं आणि ज्याला लागतं त्याला मिळेल असं ठेवायचं, आधीच्या २००८ च्या आवृत्तीत हा क्लॉज नव्हता. मालक ऐकत नसतील तर हा नंबर त्यांना दाखवा, ज्ञानाबिनाला आमचे मालक हलत नाहीत पण सर्टिफिकेटला हलतात.

व्हिडिओ. करा पण दोन मिनिटांच्या वर नको. तोंड नको, हात दाखवा, मोबाईल खांद्यामागून धरा म्हणजे करणाऱ्याला जसं दिसतं तसं येतं. शेडमध्ये आवाज असतो म्हणून शूट करताना बोलू नका, नंतर केबिनमध्ये बसून काकांना तोच व्हिडिओ दाखवा आणि त्यांना बोलायला लावून तो आवाज वर चढवा, गंमत म्हणजे स्वतःचे हात बघताना त्यांना आणखी चार गोष्टी आठवतात ज्या मशीनवर आठवल्या नव्हत्या. परवानगी मात्र आधी घ्या, बऱ्याच कस्टमरना त्यांचा जॉब किंवा ड्रॉइंग मोबाईलमध्ये आलेलं अजिबात चालत नाही, ड्रॉइंग फ्रेममध्ये येणार नाही हे शूट करायच्या आधीच बघा. व्हिडिओ ड्राइव्हवर टाका आणि क्यूआर छापून मशीनच्या दरवाजाला चिकटवा. लॅमिनेट करा, कूलंट सगळं खातं.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं म्हणजे झालं असं समजू नका. आमच्या ग्रुपवर एका पोराने ड्रिल तुटण्याचं इतकं मस्त कारण शोधून टाकलं होतं, फोटोसकट, त्याच्या खाली सतरा अंगठे, मग गुड मॉर्निंग, मग कोणाच्या तरी पोराचा वाढदिवस, आणि दोन महिन्यांनी तेच ड्रिल नाइट शिफ्टला परत तुटलं. कळवायला ग्रुप ठीक आहे, साठवायला नाही. आम्ही एवढंच केलं की रोज दुपारी एक जण, पाळीपाळीने, ग्रुपवरचं कामाचं उचलून शीट करतो, नसेल तर नाही. दहा मिनिटांचं काम आहे पण नाव ठरवून द्या, "कोणीतरी करा" म्हटलं की झालंच म्हणून समजा.

आता शिकवणं. शीट वाचायला देणं म्हणजे शिकवणं नाही, आणि ट्रेनिंग रूममध्ये पीपीटी, समोसा आणि हजेरीची सही हे तर नाहीच नाही. यावरचा उपाय जुना आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकेत कारखान्यातली अनुभवी माणसं सैन्यात गेली आणि नवख्यांना पटकन तयार करायचं होतं म्हणून १९४० मध्ये टीडब्ल्यूआय (ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री) नावाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला, तो युद्धानंतर जपानमध्ये गेला आणि टोयोटाने तो असा मुरवला की आपल्याला वाटतं ते सगळं जपानीच आहे. पायऱ्या चारच. आधी माणसाला मोकळं करा, त्याला काय येतं ते विचारा. मग करून दाखवा, एकदा नुसतं, एकदा मुद्दे सांगत, एकदा कारणं सांगत. मग त्याला करायला लावा. मग त्याला एकटा सोडा पण अधूनमधून बघत राहा.

यात तिसरी पायरी आपल्याकडे सगळ्यात जास्त गंडते. आपण विचारतो "समजलं का?" आणि पोरगं म्हणतं "हो सर". साहेबासमोर नाही समजलं म्हणायची आपल्याकडे शाळेपासून सोय नाही. म्हणून हा प्रश्नच बंद करा. त्याऐवजी म्हणा, "आता तू मला शिकव, मी नवीन हेल्पर आहे असं समज." तो करत जाईल आणि बोलत जाईल, आणि जिथे "का" येत नाही तिथे अडखळेल, ते तुम्हाला लगेच दिसेल. आमचा तो फास्ट हातवाला सेटर, त्याच्याकडून मी हाऊसिंगचं असं करून घेतलं तेव्हा तो म्हणाला जॉब पाच मिनिटं ठेवायचा. का? "काका ठेवायचे म्हणून." परत पहिल्यापासून. मग त्यालाच एक गरम जॉब मोजायला लावला, अर्ध्या तासाने तोच जॉब परत मोजायला लावला, आकडे त्याच्याच हाताने लिहून घेतले, १८ मायक्रॉनचा फरक आला. आता तो दुसऱ्यांना ओरडतो.

शिफ्ट बदलाचं थोडक्यात. हँडओव्हर मशीनपाशीच, केबिनमध्ये नाही, उभ्याउभ्या, तीन गोष्टी: काय बदललं, काय संशयास्पद वाटतंय, काय अर्धवट आहे. यासाठी दोन्ही शिफ्टची दहा मिनिटं एकमेकांवर चढायला हवीत आणि ते होत नाही कारण जाणाऱ्याची बस सुटते. आम्ही बसवाल्याशी बोलून बस पंधरा मिनिटं पुढे ढकलली. हसू नका, इतक्या मीटिंगांनंतर सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट तीच आहे.

आता जे कोणी उघड बोलत नाही ते. काका का सांगत नाहीत याचं कधीकधी साधं कारण असतं, सांगितलं की आपली किंमत गेली. आणि ही भीती खोटी नसते, मी असे मालक बघितलेत ज्यांनी सगळं शिकवून घेतलं आणि मग ओव्हरटाइम बंद केला. तुमच्याकडे तसं होणार असेल तर हा लेख सोडून द्या, कोणतीही युक्ती चालणार नाही आणि चालू पण नये. होणार नसेल तर ते दिसू द्या. शीटवर खाली नाव टाका, "माहिती: अमुक काका", ठळक अक्षरात. आमच्याकडे शिकवण्याच्या तासांचा वेगळा भत्ता आहे, फार नाही, पण पगाराच्या स्लिपवर वेगळी ओळ येते आणि ती ओळ काका घरी दाखवतात. रिटायर झाल्यावर महिन्यातून दोन दिवस बोलावलं तर त्याचे पैसे द्या, नुसता चहा पाजून आणि "काका तुमच्याशिवाय पान हलत नाही" म्हणून बोळवण करू नका.

उलटंही करा. डिप्लोमाची पोरं एक्सेलमध्ये, कॅममध्ये पुढे असतात, त्यांनी काकांना शिकवावं, समोरासमोर, सगळ्यांच्या देखत. एका काकांना पोरांनी मोबाईलवर मराठीत बोलून टाइप करायला शिकवलं आणि आता तेच सगळ्यात लांब मेसेज टाकतात, वाचवत नाहीत इतके.

स्किल मॅट्रिक्स बहुतेकांकडे भिंतीवर असतंच, ते चार भागांचे गोल. पाव भरला म्हणजे शिकतोय, अर्धा म्हणजे कोणीतरी लक्ष ठेवलं तर करतो, पाऊण म्हणजे एकटा करतो, पूर्ण म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. ते ऑडिटच्या आदल्या रात्री भरू नका एवढंच म्हणेन, मीसुद्धा भरलेत. आणि पूर्ण गोल तेव्हाच काळा करा जेव्हा त्याने शिकवलेला माणूस काम करून दाखवेल. हा नियम लावला तेव्हा आमच्या भिंतीवरचे निम्मे काळे गोल एका दिवसात पांढरे झाले आणि चारपाच लोक माझ्याशी आठवडाभर बोलत नव्हते.

शीटवर तारीख टाका, सहा महिन्यांनी परत बघायची, आणि खाली दोन-तीन ओळी कोऱ्या सोडा. गेल्या खंडेनवमीला मशीनच्या पूजेला ते चहावाले काका आले होते, झेंडूची माळ घालून झाली, पेढा खाल्ला, आणि मग त्यांच्या जुन्या मशीनच्या दरवाजावरची स्वतःच्या नावाच्या शीटा चष्मा लावून वाचत उभे राहिले. वॉर्मअपच्या ओळीवर बोट ठेवलं, पोराकडून मार्कर मागितला, २० खोडून बाजूला लिहिलं, "थंडीत ३०". आणि हाऊसिंगच्या शीटच्या कोऱ्या ओळीत, आम्ही कोणी विचारलं नसताना, "पंखा डोक्यावर असेल तर जॉब प्लेटच्या पलीकडच्या कडेला ठेवणे".